संच दिलात, आता शिकवा

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



आपल्या खात्याखालचं इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदणी झालेल्या कामगाराला सुरक्षा संच देतं. त्यात हेल्मेट, बूट, हातमोजे, गॉगल, मास्क, अंधारात चमकणारं जॅकेट आणि उंचीवर कामासाठी बेल्ट असतो. संच मिळाल्याचा फोटो निघतो, कामगार संच खांद्यावर टाकून घरी जातो. माझी तक्रार संचाच्या दर्जाबद्दल नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. तो बेल्ट अडकवायचा कुठे, हे त्याला कोणीच सांगत नाही, ही माझी तक्रार आहे.

मी अनेक वर्षं बांधकामांवर सेफ्टी ऑफिसर होतो. म्हणून थोडं तपशिलात लिहितो, कंटाळा करू नये.

बेल्टची दोरी साधारण 1.8 मीटर लांब असते. हुक डोक्याच्या वर, पक्क्या बीमला किंवा ताणून बांधलेल्या लाइफलाइनला लावला, तर घसरलेला माणूस थोडासाच खाली येऊन लटकतो. तोच हुक पायाशी लावला की गणित फिरतं. आधी दोरी पुरी ताणली जाते, मग शॉक अ‍ॅब्सॉर्बरची शिवण उसवत आणखी मीटरभर जाते. माणूस थांबतो तेव्हा त्याचे पाय पहिल्या जागेपासून चार-साडेचार मीटर खाली असतात. आपल्याकडचा मजला साधारण तीन मीटरचा. म्हणजे पहिल्या स्लॅबच्या कडेला उभा असलेला माणूस बेल्ट घालून, हुक लावून, सगळे नियम पाळून जमिनीवर आपटणार. आणि साइटवर बहुतेक हुक पायाशीच असतात, कारण हात तिथे पोचतो. मी ते परांचीच्या सैल पाइपला लावलेले पाहिले आहेत, सळया बांधायच्या बाइंडिंग वायरला लावलेले पाहिले आहेत. एकदा तर एकाच्या बेल्टचा हुक दुसऱ्याच्या बेल्टला होता. दोघंही खुशीत होते.

हे शिकवायला वर्गखोली लागत नाही. एक बीम, एक बेल्ट आणि माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं लागतं. पोतं एकदा हुक वर लावून सोडायचं आणि एकदा हुक पायाशी लावून. अर्ध्या तासाचं काम. ज्यानं पोतं जमिनीवर आदळताना ऐकलं, तो वर चढल्यावर आधी डोक्यावर बघतो. त्याच वेळी हेही सांगायचं, की बेल्टात लटकलेल्या माणसाच्या मांड्यांशी पट्टे आवळले जातात, रक्त पायात अडकतं आणि त्याला काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं. कोणी, कशानं घ्यायचं हे आधी ठरलेलं नसेल तर खालचे लोक फक्त आरडाओरडा करतात.

आता संचातला मास्क. तो धुळीचा मास्क आहे, सिमेंट आणि कटरच्या धुळीसाठी ठीक. पण कामगाराला वाटतं, मास्क म्हणजे मास्क. 9 मार्च 2025 ला मुंबईत नागपाड्याला, बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या भूमिगत पाण्याच्या टाकीत सफाईला उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. त्याच्या आदल्या वर्षी एप्रिलमध्ये विरारला एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया टाकीत चार जण गेले. पाण्याच्या टाकीत कसला आलाय विषारी वायू, असं लोकांना वाटतं. विषारी वायू लागतच नाही. बंद टाकीत सेंटरिंगचं ओलं लाकूड कुजत पडलं, लोखंड गंजत राहिलं, तर तेच आतला ऑक्सिजन संपवतात. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 21 टक्क्यांच्या आसपास असतो. तो 19.5 च्या खाली असेल तर आत उतरायचं नाही, असा बऱ्याच देशांतला दंडक आहे. त्याहून बराच खाली गेला तर माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. नाकाला काही कळत नाही, कारण ऑक्सिजनच्या अभावाला वास नसतो. धुळीचा मास्क तिथे रुमालाइतकाही कामाचा नाही.

अशा बातम्यांमध्ये आकडा क्वचितच एक असतो. एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. ज्यांनी धावून जाऊन जीव गमावला, ती त्या साइटवरची चांगली माणसं होती. 'आत कोणी पडला तरी उतरू नकोस, बाहेरून दोरीनं ओढ, अग्निशमन दलाला बोलाव' हे वाक्य माणसाच्या स्वभावाच्या विरुद्ध आहे. ते भिंतीवर लिहून उपयोग नाही. टाकीच्या तोंडाशी तिपाई उभी करून, कमरेला दोरी बांधून, मित्रालाच बाहेर ओढून काढायची तालीम दोन-तीनदा करून घेतली, तरच ऐनवेळी ते हाताला सुचतं.

आपले अधिकारी सांगतील की प्रशिक्षण होतं, नोंदी आहेत. नोंदी आहेतच. मोठ्या साइटवर सकाळी आठला 'टीबीटी' असतो, म्हणजे टूलबॉक्स टॉक. शंभर-सव्वाशे माणसं रांगेत उभी असतात, मिक्सर सुरू झालेला असतो, समोरचा पोरगेला अधिकारी काय बोलतो ते तिसऱ्या रांगेपुढे जात नाही. मग रजिस्टर फिरतं. एका साइटवर मी पाहिलेल्या रजिस्टरात महिनाभराचे विषय आधीच, एकाच पेनानं, एकाच अक्षरात लिहून ठेवले होते. झारखंडहून आदल्या रात्री उतरलेल्या एका मुलानं शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, कागदावर उठवला आणि मला विचारलं, "भैया, पगार इसी पे मिलेगा ना?" त्याला तो हजेरीचा मस्टर वाटला होता.

हा मुलगा पडला असता तर पोलिसांसमोर आणि निरीक्षकासमोर सगळ्यात आधी तेच पान ठेवलं गेलं असतं. प्रशिक्षण दिलं होतं, हा बघा अंगठा, कामगाराचाच निष्काळजीपणा. कागदावरचं प्रशिक्षण नुसतं निरुपयोगी असतं तर मी गप्प बसलो असतो. पण ते ठेकेदाराला वाचवतं आणि मेलेल्याला दोषी ठरवतं.

कायद्यात शब्दांची कमतरता कधीच नव्हती. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 मध्ये, 1948 च्या कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख ही मालकाची जबाबदारी ठरली, आणि कलम 111-अ नं कामगाराला असा हक्क दिला की कारखान्यात शक्य नसेल तर मालकानं त्याला मान्यताप्राप्त संस्थेत शिकायला पाठवावं. घातक रसायनांच्या 1989 च्या नियमांत तर प्रशिक्षणाबरोबर विषावरचा उतारा ठेवण्याचीही सक्ती होती. बांधकामासाठी 1996 चा कायदा आला. आता हे कायदे 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेले आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. बांधकामावर सेफ्टी ऑफिसर नेमायची अट पूर्वी 500 कामगारांची होती, ती 250 वर आली. हे चांगलंच झालं. दुसरीकडे, विजेवर चालणारा कारखाना कायद्याच्या व्याख्येत यायला पूर्वी 10 कामगार पुरायचे, आता 20 लागतात. रसायनांच्या छोट्या युनिटांच्या बाबतीत हा बदल मला मुळीच पटलेला नाही. एका गाळ्यात आठ-दहा माणसं सॉल्व्हंटचे ड्रम हाताळतात तिथे धोका संख्येनं कमी होत नसतो. घातक प्रक्रियांसाठी सरकारला ही मर्यादा ओलांडून कायदा लावता येतो. ते करावं, ही विनंती इथेच नोंदवून पुढे जातो.

खरी अडचण वेगळी आहे. कायदा प्रशिक्षण आस्थापनेला बांधतो, आणि आपला कामगार आस्थापनेत राहतच नाही. नाक्यावर उभा राहणारा बिगारी सोमवारी एका ठेकेदाराकडे स्लॅबवर असतो, बुधवारी दुसऱ्याकडे खोदाईत आणि शनिवारी तिसऱ्याकडे टाकी साफ करायला. सेंटरिंगवाल्यांची टोळी स्लॅब भरला की हलते. प्रत्येक ठेकेदार म्हणतो, हा माझ्याकडे चार दिवसांचा, मी त्याच्यावर खर्च कशाला करू? त्याच्या बाजूनं बघितलं तर तो चूक नाही. म्हणून शिक्षण साइटला न बांधता माणसाला बांधलं पाहिजे. ते त्याच्या ओळखपत्रावर नोंदलेलं असावं आणि तो जाईल तिथे त्याच्याबरोबर जावं.

पैशाचा प्रश्न येऊ नये. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर याच कामगारांच्या नावानं गोळा होतो आणि मंडळाकडे हजारो कोटी रुपये जमलेले आहेत. त्यातून भांडी वाटली, पेट्या वाटल्या, काही काळ दुपारचं जेवण वाटलं. कामावर मृत्यू आला तर वारसांना 5 लाख मिळतात, ते मिळालेच पाहिजेत. पण कामगार जिवंत असतानाच्या एका पगारी शिक्षणदिवसासाठी त्या पैशातून तरतूद करायला काय हरकत आहे? मी 'पगारी' मुद्दाम लिहिलं. रोजंदारीवरच्या माणसाला फुकट प्रशिक्षणाचं बोलावणं म्हणजे एक खाडा. त्या दिवशी घरी चूल पेटायची असेल तर तो येणार नाही, आणि आला नाही म्हणून त्याला बोल लावता येणार नाही.

इथे एक सावधगिरी. प्रशिक्षण घेतल्याशिवाय नोंदणीचं नूतनीकरण नाही किंवा संच नाही, अशी अट घालायचा मोह होईल. कृपा करून घालू नका. नोंदणीला लागणाऱ्या 90 दिवस कामाच्या दाखल्याचं काय झालं ते आपण जाणताच. नोंदणी केंद्राबाहेरचा एजंट उद्या त्याच टेबलावर प्रशिक्षणाचा दाखलाही विकेल. अट कामगारावर नको, ठेकेदारावर हवी. ओळखपत्रावर नोंद नसलेल्या माणसाला त्यानं उंचीवर, खड्ड्यात किंवा टाकीत पाठवायचं नाही. कामगाराला मात्र आलास तर दिवसाची मजुरी, एवढंच.

शिकवायचं कुठे? नाक्यावरच. पुण्या-मुंबईत आरोग्याची फिरती वाहनं नाक्यांवर जातात, तसं एक वाहन जाईल. मागे घडीची परांची, एक बीम, एक खोटी टाकी आणि वायू मोजायचं यंत्र. शिकवणारा अधिकारी नको, हातानं काम केलेला जुना मिस्त्री हवा. मराठवाड्यातले, बिहारचे, ओडिशाचे, तेलंगणातले, कलबुर्गीकडचे लोक एकाच परांचीवर असतात. हिंदीत सांगितलं की झालं, हा समज चुकीचा आहे. संथाळी बोलणाऱ्या मुलाला मुकादमाच्या हिंदीतलं फक्त "जल्दी" कळतं. चित्रं, हात आणि प्रत्यक्ष करून दाखवणं, यावरच भिस्त ठेवावी लागेल. शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, बेलापूरला राष्ट्रीय सुरक्षा परिषद आहे, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय तर आपलंच आहे. शिकवणाऱ्यांना तयार करायला राज्याबाहेर जायची गरज नाही.

रासायनिक कारखान्यांबद्दल थोडं वेगळं लिहावं लागेल. डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 ला स्फोट झाला, त्यात 12 माणसं गेली. आठ वर्षांनी, 23 मे 2024 ला, त्याच एमआयडीसीत पुन्हा स्फोट आणि पुन्हा मृत्यू. पिरंगुटजवळ उरवड्याला 7 जून 2021 ला क्लोरीन डायऑक्साइडचं उत्पादन करणाऱ्या कारखान्यात आग लागली, 17 कामगार गेले, बहुतेक महिला. महाड एमआयडीसीत 3 नोव्हेंबर 2023 ला 11 जण. या साऱ्यांची कारणं सारखी नाहीत आणि सगळं प्रशिक्षणाच्या माथी मारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. परवाने, साठा, अंतर, यंत्रांची देखभाल हे सगळं त्यात आहे. पण या कारखान्यांत हेल्पर म्हणून लागलेल्या माणसाला काय माहीत असतं, हे एकदा बघा.

रिअ‍ॅक्टरमध्ये एक द्रव दुसऱ्यात थेंबाथेंबानं सोडत असतात. आत स्टरर फिरतो, बाहेरच्या जॅकेटमधून थंड पाणी वाहतं, कारण दोन्ही द्रव एकत्र आले की उष्णता निघते. रात्री दोनला वीज जाते आणि स्टरर थांबतो. वरचा व्हॉल्व्ह उघडाच राहिला तर आत द्रव न मिसळता साचत जातो. वीज येते. बॅच उशिरा निघाली तर सकाळी बोलणी खावी लागणार, म्हणून हेल्पर पहिली गोष्ट करतो ती म्हणजे स्टररचं बटण दाबणं. तासाभरात थोडं थोडं व्हायला हवं ते क्षणात होतं, तापमान चढतं, दाब चढतो आणि ते भांडं फुटू शकतं. आधी व्हॉल्व्ह बंद कर, थंड पाणी चालू आहे का बघ, आणि केमिस्ट आल्याशिवाय स्टररला हात लावू नकोस. तीन सूचना आहेत. रात्रपाळीच्या कंत्राटी हेल्परला त्या कोणी, कोणत्या भाषेत सांगितल्या, हे निरीक्षकानं विचारायचं.

आणि पॅकिंगच्या टेबलावरच्या बायकांना काय सांगितलं, हेही. "पॅकिंगवाल्यांना केमिकलचं ट्रेनिंग कशाला?" हे मी एकापेक्षा जास्त मॅनेजरांच्या तोंडून ऐकलं आहे. ड्रमवरचं लेबल इंग्रजीत असतं, माहितीपत्रक ऑफिसातल्या फाइलीत असतं, आणि ते द्रव्य मात्र तिच्या हातमोज्यावर असतं. मॉक ड्रिल होतं ते दिवसा, आधी कळवून, भोंगा वाजल्यावर सगळे गेटपाशी जमतात, फोटो होतो. रात्रपाळीनं भोंगा कधी ऐकलेलाच नसतो आणि कंत्राटी माणसं त्या मोजणीत धरलेली नसतात.

शिकायची गरज एकट्या कामगाराला आहे असं मात्र नाही. 29 जून 2019 ला पुण्यात कोंढव्याला संरक्षक भिंत कोसळून मजुरांच्या शेडवर पडली. 15 जण मेले, त्यात मुलंही होती. ती माणसं झोपेत होती, त्यांना कोणतं प्रशिक्षण द्यायचं होतं? भिंतीच्या पायथ्याशी शेड उभारायचं ज्यानं ठरवलं, त्याला द्यायला हवं होतं. 1 ऑगस्ट 2023 ला समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ सरळांबे इथे गर्डर चढवण्याचं यंत्र कोसळून 20 जण गेले. तिथेही खाली उभा असलेला कामगार काही ठरवत नव्हता. साइट इंजिनिअर, ठेकेदार आणि विशेषतः मुकादम यांना हे शिक्षण सक्तीचं करा. साइटवर सुरक्षेचे खरे आदेश मुकादम देतो. तो "चल चढ, काही होत नाही" म्हणाला, की आमच्यासारख्या सेफ्टी ऑफिसरचं भाषण तिथेच संपतं. आणि कामगाराला आवर्जून हे शिकवा, की समोर जिवाचा धोका दिसत असेल तर तसं सांगण्याचा हक्क त्याला कायद्यानं आहे, ते निरीक्षकापर्यंत नेण्याचाही आहे. रोजंदारीवर तो हक्क वापरणं किती अवघड हे मला ठाऊक आहे. निदान तो आहे एवढं तरी त्याच्या कानावर पडू दे.

4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. सगळीकडे फलक लागतात, शपथ होते, घोषवाक्य स्पर्धेची बक्षिसं वाटली जातात. बक्षिसं बहुतेक ऑफिसातल्यांना मिळतात, कारण घोषवाक्य लिहायला वेळ त्यांच्याकडेच असतो. त्या दिवशी आपण भाषण करायला जाल तेव्हा कार्यक्रमानंतर अर्धा तास राखून ठेवा, न कळवता एखाद्या साइटवर जा आणि पाच कामगारांना बाजूला घेऊन तीन प्रश्न विचारा: बेल्ट कुठे लावतोस, टाकीत माणूस पडला तर काय करशील, इथून पळायचा रस्ता कोणता. रजिस्टर मागू नका. निरीक्षकांनाही हीच पद्धत लावून द्या आणि आलेली उत्तरं त्यांच्या अहवालात लिहायला सांगा.

मंडळाच्या येत्या बैठकीत पगारी, प्रत्यक्ष शिक्षणाचा हा विषय घ्यावा, त्यासाठी उपकरातून तरतूद करावी आणि मुंबई, ठाणे, पुणे इथल्या नाक्यांपासून पावसाळ्याच्या आत सुरुवात करावी. दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार न देता खोदाई सर्रास चालते आणि माती, भिंती पावसातच कोसळतात. जूनच्या आधी जितके बिगारी, मुकादम हे शिकून कामावर जातील, तितकं बरं.

आपला,
बांधकामावरचा एक निवृत्त सेफ्टी ऑफिसर